नाव सुरतेचे, पण सुरत राखणार कोण?

इ. स. १६६४ च्या जानेवारी महिन्यात छत्रपती शिवाजीमहाराज सुरतेच्या वेशीवर येऊन ठाकले तेव्हा त्या शहराचा मोगल सुभेदार इनायतखान काय करीत होता? तो किल्ल्यात जाऊन दडला होता! हिंदुस्थानातले सर्वांत श्रीमंत बंदर, जगभरच्या जहाजांचा राबता, सावकारांच्या कोठ्या सोन्यामोत्यांनी भरलेल्या. आणि शहराला धड तट नाही की पुरेशी शिबंदी नाही. शिबंदीचा पैसा सरकारातून येत होता, पण तो सुभेदाराच्या खिशात जिरत होता, असे इतिहासकार सांगतात. इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांनी आपापल्या वखारी स्वतःच्या हिंमतीवर राखल्या. रयतेला राखणारा मात्र कोणी नव्हता. पुढे १६७० च्या ऑक्टोबरात महाराज पुन्हा आले, तेव्हाही सुरत राखली गेली नाही!

मराठी माणसाने हा प्रसंग आजवर विजेत्याच्या बाजूने वाचला आणि त्याचा रास्त अभिमान बाळगला. आज तोच प्रसंग आम्ही वाचकांना दुसऱ्या बाजूने वाचायला सांगत आहोत. कारण आज सुरत आपली आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांतून खानदेशातली हजारो मराठी कुटुंबे त्या शहराच्या मागांवर राबत आहेत. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू त्याच शहरात पडतात. तापीच्या मुखाशी हजिऱ्याला वसईच्या समुद्रातला वायू नळावाटे येऊन पडतो; तेथेच द्रवरूप वायूची जहाजे लागतात, तेथेच पोलाद, खत आणि रणगाडी तोफा तयार होतात. एवढे वैभव एका खाडीच्या काठावर उघडे मांडून ठेवले आहे, आणि इनायतखानाच्या वेळचाच प्रश्न आजही उभा आहे: हे राखणार कोण?

दिल्लीकर तत्काळ उत्तर देतील, ‘सुरत’च राखील! हे उत्तर अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या नौदलाची ‘सुरत’ नावाची विनाशिका १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत ‘निलगिरी’ आणि ‘वाघशीर’ यांच्यासमवेत पंतप्रधानांच्या हस्ते सेवेत दाखल झाली. सुमारे ७,४०० टनांची ही नौका माझगावच्या गोदीत, आमच्याच कामगारांच्या घामातून उभी राहिली, आणि तिच्यात पाऊणशे टक्के स्वदेशी सामग्री आहे. तिचे बोधचिन्ह नोव्हेंबर २०२३ मध्ये खुद्द सुरतेत समारंभपूर्वक प्रकट झाले. पहलगामचे हत्याकांड घडल्यानंतर दोनच दिवसांनी, २४ एप्रिल २०२५ रोजी, अरबी समुद्रात पाण्याला चाटून येणारे लक्ष्य तिने आपल्या क्षेपणास्त्राने अचूक टिपले. त्यानंतर आठवड्याभरात ती हजिऱ्याला आली, तेव्हा सुरतकरांनी कौतुकाने तिच्याकडे पाहिले. त्या नौकेविषयी आणि तिच्या खलाशांविषयी आमच्या मनात आदरच आहे. आमचे भांडण नौकेशी नाही. नौकेचे नाव पुढे करून किनारा सुरक्षित झाल्याचा देखावा करणाऱ्या वृत्तीशी आहे.

कारण शत्रू बदलला आहे, आणि त्याची हत्यारेही बदलली आहेत. २३ डिसेंबर २०२३ ची गोष्ट वाचकांनी विसरू नये. ‘केम प्लूटो’ नावाचे रसायनवाहू जहाज सौदी अरबस्तानातल्या जुबैलहून निघून नव्या मंगळूर बंदराकडे येत होते. त्यावर एकवीस खलाशी होते आणि त्यांतले वीस भारतीय होते. काठेवाडच्या किनाऱ्यापासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर त्याच्यावर एक ड्रोन येऊन आदळला आणि जहाजाला आग लागली. माणसे वाचली हे दैव. तटरक्षक दलाच्या ‘विक्रम’ने सोबत केली आणि दोन दिवसांनी ते जहाज मुंबईला लागले. हा ड्रोन इराणातून सोडला गेला असे अमेरिकेने म्हटले. इराणने ते नाकारले. सोडणारा कोण होता हा वाद राजकारण्यांनी खुशाल करावा. आमच्या दृष्टीने सत्य एवढेच आहे, की आमच्या दारात, आमच्या माणसांवर घाव पडला आणि तो पडेपर्यंत कोणाला त्याची चाहूल लागली नाही. विनाशिका धावून आल्या त्या नंतर!

तांबड्या समुद्रात तर याहून भयंकर घडले. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी येत्याजात्या व्यापारी जहाजांवर ड्रोन, क्षेपणास्त्रे आणि स्फोटकांनी भरलेल्या चालकरहित होड्या सोडल्या. जहाजांवर बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांचा प्रत्यक्ष मारा जगाने प्रथमच पाहिला, आणि तो कोणा महासत्तेने केलेला नव्हता! ‘रुबीमार’ बुडाले, ‘ट्यूटर’ बुडाले. ६ मार्च २०२४ रोजी ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर बॅलिस्टिक क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी प्राणांस मुकले, एकवीस जणांना आमच्या ‘कोलकाता’ या विनाशिकेने वाचवले. जानेवारी २०२४ मध्ये ‘मार्लिन लुआंडा’ हे तेलवाहू जहाज पेटले असता ‘विशाखापट्टणम’चे नौसैनिक त्या आगीत उतरले, त्या जहाजावर बावीस भारतीय होते. आमच्या नौदलाचे हे कर्तृत्व सुवर्णाक्षरांनी लिहावे असे आहे. परंतु वाचकहो, यातला भेद ध्यानात घ्या. आग विझवणे वेगळे आणि आग लागू न देणे वेगळे.

सुरतेला ही गोष्ट काही नवी नाही. १६९५ साली औरंगजेब बादशहाचे ‘गंज-ए-सवाई’ हे प्रचंड जहाज मोख्याच्या वाटेने यात्रेकरू आणि संपत्ती घेऊन सुरतेला परतत होते. त्याच्यावर ऐंशी तोफा आणि चारशे बंदुका होत्या, असे खाफीखान लिहितो. बाबेलमांदेबच्या सामुद्रधुनीशी दबा धरून बसलेल्या हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने ते गाठले. जहाजाची एक तोफ आपल्याच माणसांवर फुटली, गोंधळ उडाला आणि ऐंशी तोफांचे जहाज लहानशा टोळीच्या हाती पडले. तीच सामुद्रधुनी, तोच व्यापाराचा मार्ग आणि तीच चूक! मोठ्या जहाजावर मोठ्या तोफा चढवल्या की काम संपले, असे समजणाऱ्यांचे डोळे तीनशे वर्षांनंतरही उघडत नाहीत काय?

आता जरा हिशेब मांडू या. समुद्राच्या पाठीवरून चार-पाच मीटर उंचीने येणारे क्षेपणास्त्र जहाजाच्या रडारला फार दूरून दिसत नाही, कारण पृथ्वी गोल आहे! डोलकाठी कितीही उंच केली तरी ते सुमारे तीस किलोमीटरवर आल्यावरच क्षितिजावर उगवते, आणि ध्वनीहून किंचित कमी वेगाने येत असले तरी जहाजावर आदळायला त्याला दोन मिनिटेही पुरी लागत नाहीत. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची तऱ्हा उलटी. ते आभाळात उंच जाते म्हणून लवकर दिसते. पण ध्वनीच्या कित्येक पट वेगाने माथ्यावर कोसळते, आणि तीनशे किलोमीटरचे अंतर चार-पाच मिनिटांत तोडते. ड्रोनची चाल मंद, पण तो स्वस्त. म्हणून तो एकटा येत नाही, थव्याने येतो. खालून एक, वरून दुसरे आणि चहूंकडून तिसरे, असे तिन्ही एकाच घटकेला आले तर जहाजाच्या कप्तानाने काय करावे?

‘सुरत’वर हवाई हल्ला परतवणारी बराक क्षेपणास्त्रे बत्तीस आहेत. ती उत्तम आहेत. भारत आणि इस्रायल यांनी मिळून ती घडवली आहेत. परंतु बत्तीस म्हणजे बत्तीस! एकेका लक्ष्यावर खात्रीसाठी दोन सोडली तर सोळा घाव परतवता येतील. सतरावा आला तर? उभ्या नळ्यांत क्षेपणास्त्रे पुन्हा भरण्याचे काम भर समुद्रात, लाटांवर, शत्रूच्या टप्प्यात होत नाही. त्यासाठी बंदर गाठावे लागते. म्हणजे ज्या काळात नौकेची सर्वाधिक गरज, त्याच काळात तिला पाठ फिरवावी लागणार. अमेरिकन नौदलाने तांबड्या समुद्रात पंधरा महिन्यांत सुमारे चारशे अस्त्रे खर्ची घातली. त्यांत १२० एसएम-२ आणि ८० एसएम-६ क्षेपणास्त्रे होती. एसएम-२ ची किंमत सुमारे वीस लाख डॉलर, आणि समोरचा ड्रोन काही हजार डॉलरांचा! कुबेराचे भांडार असलेल्या राष्ट्रालाही हा व्यवहार परवडेना. मग आमच्यासारख्यांनी पै-पैशाला मोहोर फेकायची काय?

त्याच अमेरिकनांच्या त्या खर्चात १६० साधे तोफगोळेही होते, ही गोष्ट मात्र आमचे समारंभप्रिय मंत्री सांगत नाहीत. जानेवारी २०२४ च्या अखेरीस ‘ग्रेव्हली’ या विनाशिकेच्या अगदी निकट, मैलभराच्या आत आलेले क्षेपणास्त्र शेवटी पाडले ते झपाट्याने गोळ्या झाडणाऱ्या तोफेने. मार्च २०२४ मध्ये फ्रेंच नौदलाच्या हेलिकॉप्टरातील सैनिकाने तर दाराशी बसून मशिनगनने ड्रोन पाडला! मोहोरेला मोहोर आणि पैला पै, हेच या युद्धाचे शहाणपण आहे. वरून येणाऱ्यासाठी महागडे क्षेपणास्त्र राखून ठेवावे. थव्याने येणाऱ्या ड्रोनांना तोफ, मशिनगन, रेडिओलहरींचा अडथळा आणि लेझर किरण यांनी गाठावे. आमच्याकडे हे काहीच नाही असे नव्हे. नौदलासाठी स्वदेशी ड्रोनविरोधी यंत्रणेचा करार भारत इलेक्ट्रॉनिक्सशी ३१ ऑगस्ट २०२१ रोजी झाला. १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूलला लेझर किरणाने ड्रोन जाळून दाखवण्यात आला. २१ एप्रिल २०२३ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळ नौकेवरून बॅलिस्टिक क्षेपणास्त्र अडवणाऱ्या अस्त्राची पहिली चाचणी झाली. बुद्धी आमच्याकडे आहे, हात आमच्याकडे आहेत. परंतु चाचणी म्हणजे ढाल नव्हे, जसा साखरपुडा म्हणजे संसार नव्हे.

आणि शेजारी स्वस्थ बसलेला नाही. पाकिस्तानी नौदलाने नोव्हेंबर २०२४ मध्ये जहाजावरून सोडायच्या ३५० किलोमीटर टप्प्याच्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी केल्याचे जाहीर केले. मे २०२५ मधल्या ‘सिंदूर’ मोहिमेच्या वेळी एका रात्रीत लेहपासून सर क्रीकपर्यंत छत्तीस ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन सोडले गेले, हे आमच्याच सरकारने पत्रकारांना सांगितले. त्या रात्री आमच्या तोफांनी पराक्रम केला, यात शंका नाही. पण सर क्रीक कोणत्या प्रांतात आहे? गुजरातेत! तेथून खंबायतचे आखात किती लांब? ज्याला भुईवरून तीनशे ड्रोन सोडता येतात, त्याला ते एखाद्या मासेमारी गलबतातून सोडता येणार नाहीत, अशी लेखी हमी कोणी दिली आहे काय?

लहानाने मोठ्याला बुडवावे, हा धडा तर आम्हीच जगाला दिला आहे. १९६७ साली ‘एइलात’ ही इस्रायली विनाशिका इजिप्तच्या चिमुकल्या क्षेपणास्त्र-नौकांनी बुडवली. त्यावरून जे शिकायचे ते आमचे नौदल शिकले, आणि ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ या तीन लहान नौकांनी कराचीच्या तोंडाशी ‘खैबर’ विनाशिकेला जलसमाधी दिली. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ आमची ‘खुकरी’ शत्रूच्या पाणबुडीने बुडवली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक समुद्रात गेले. समुद्र कोणाचा पक्षपाती नाही. जो गाफील, त्याचा तो वैरी.

मराठ्यांना तर हे शिकवण्याची आवश्यकताच नसावी. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे, ही शिकवण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. ज्या वर्षी सुरतेवर पहिली स्वारी झाली, त्याच वर्षी सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. दुसऱ्याच्या बंदराची दैना पाहून आपला किनारा बांधायचा, ही ती दृष्टी! आणि १७५६ साली विजयदुर्गात काय झाले? घरच्या भांडणापायी पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरले, त्यांचा एक गोळा आंग्र्यांच्या एका जहाजावर पडला, आणि दाटीने उभे असलेले सारे आरमार त्या एका ठिणगीने जळून गेले. एका बंदरात, एका कुशीत, सगळी जहाजे आणि सगळे भांडार दाटून ठेवणाऱ्यांनी तो दिवस रोज आठवावा.

येथे आमच्या भागातले काही शहाणे विचारतील, सह्याद्रीच्या अलीकडे राहणाऱ्या आपणांस समुद्राची ही उठाठेव कशाला? त्यांना आम्ही कारवारकडे बोट दाखवतो. तेथे ‘कदंब’ हा नाविक तळ ३१ मे २००५ रोजी सुरू झाला. त्यासाठी तिथल्या हजारो कुटुंबांनी घरे सोडली, शेते सोडली, मासे मारण्याची पिढीजात जागा सोडली. ‘विक्रमादित्य’ ही विमानवाहू नौका तेथेच विसावते. ज्यांनी आपली चूल विझवून देशाला बंदर दिले, त्यांना त्या बंदराच्या संरक्षणाविषयी विचारण्याचा पहिला हक्क आहे. गेल्या पंधरवड्यात आमच्या कार्यालयात एक वृद्ध गृहस्थ आले. मुलगा तेलवाहू जहाजावर नोकरीला. त्यांनी एवढेच विचारले, “तुम्ही पेपरवाले सगळं जाणता. आखातातून त्याची बोट येताना वरून काही पडलं तर त्याला कळवणारं कोणी आहे का हो?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या पित्याची भीती भाबडी नाही. ‘केम प्लूटो’वरच्या वीस जणांचे आईबाप असेच कुठल्या तरी गावात वाट पाहत होते.

काही पंडितांचा सूर निराळाच आहे. ते म्हणतात, ड्रोनच्या युगात मोठ्या विनाशिका म्हणजे पांढरे हत्ती. त्या मोडीत काढा! हा दुसऱ्या टोकाचा वेडेपणा आहे. ‘मार्लिन लुआंडा’ची आग विझवायला, ‘ट्रू कॉन्फिडन्स’ची माणसे उचलायला शेकडो मैल धावून जाणारी मोठी नौकाच लागली. दूरचे पाहणारे रडार आणि दूर पोचणारे क्षेपणास्त्र होडक्यावर मावत नाही. विनाशिका हवीच, पण एकाकी विनाशिका नको. गडाला बालेकिल्ला असतो, तसाच तटही असतो, चौक्याही असतात आणि मेटेही असतात. नुसता बालेकिल्ला बांधून मेटी ओस ठेवणाऱ्या किल्लेदाराला आमच्या पूर्वजांनी किल्लेदार म्हटले नसते.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. एक, प्रत्येक मोठ्या नौकेवर ड्रोन पाडणारी स्वस्त हत्यारे आधी चढवा आणि महाग क्षेपणास्त्रांचा साठा त्यांच्या आडोशाने राखा. दोन, क्षेपणास्त्रे पुन्हा भरण्याची सोय मुंबईपुरती न ठेवता किनाऱ्यावर अनेक जागी, विखरून करा. तीन, हजिरा, मुंबईचा तेलसमुद्र आणि कारवार यांच्यासाठी किनाऱ्यावर कायमची रडारे, तोफा आणि क्षेपणास्त्रे उभारा. त्यांच्या रक्षणासाठी फिरती नौका तेथे अडकवून ठेवू नका. चार, १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी २०३५ पर्यंत ‘सुदर्शन चक्र’ नावाचे कवच देण्याचे वचन दिले. त्या कवचात कोणती बंदरे कोणत्या वर्षी येतील हे संसदेला सांगा. गुपिते सांगू नका, तारखा सांगा. पाच, धोक्याच्या पाण्यातून जाणाऱ्या प्रत्येक भारतीय खलाशाला आगाऊ इशारा, आणि त्याच्या घराला विचारपूस करण्याचे एक ठिकाण द्या.

हे मागणे अवास्तव आहे असे ज्याला वाटत असेल त्याने इनायतखानाचे स्मरण करावे. त्यानेही शहर राखण्यावर पैसा खर्चला नव्हता. सुरतेला विटांचा भक्कम तट मिळाला, पण तो शहर लुटले गेल्यानंतर! नौकेच्या कपाळावर शहराचे नाव कोरणे हा सन्मान आहे. परंतु त्या नावाने शहरही आपल्यावरचे एक कर्ज नौकेकडे सोपवीत असते. ते कर्ज एकट्या नौकेने, तिच्या बत्तीस क्षेपणास्त्रांनी फेडावे अशी अपेक्षा धरून समारंभातून घरी परतणारे राज्यकर्ते आणि किल्ल्यात दडलेला सुभेदार, यांत आम्हांला तरी फारसे अंतर दिसत नाही. तट आधी बांधा. हारतुऱ्यांना वेळ आहे!